सह्याद्रीचा दगड आणि दक्षिण महासागरातील प्लवक : सिलिकाच्या चक्राचा एक पाठ

(माध्यमिक शाळांतील विज्ञान व भूगोल विषयांच्या शिक्षकांसाठी)

प्रास्ताविक

पाण्याचे चक्र, कार्बनचे चक्र आणि नायट्रोजनचे चक्र ही तीन चक्रे शालेय पाठ्यक्रमात येतात व विद्यार्थ्यांना ती थोडीफार परिचित असतात. सिलिकाच्या चक्राचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजनखालोखाल आढळणारे मूलद्रव्य सिलिकॉन हे होय. कवचाच्या एकूण वजनापैकी सुमारे २८ टक्के भाग सिलिकॉनचा आहे. ऑक्सिजनशी संयोग पावून त्याची सिलिका होते. वाळू, गारगोटी, काच, भाताचे तूस, उसाच्या पानाची धार आणि समुद्रातील अतिसूक्ष्म वनस्पतींची कवचे या सर्वांत ती असते.

बेळगाव, खानापूर, चिकोडी व निपाणी हा परिसर समुद्रापासून दूर, घाटमाथ्यावर व त्याच्या पूर्व उतारावर वसलेला आहे. येथील विद्यार्थ्याला दक्षिण ध्रुवाभोवतीच्या महासागराशी आपला काय संबंध, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर दगडापासून आरंभ करून क्रमाक्रमाने दिले आहे. त्या थंड महासागराच्या पृष्ठजलात सिलिका कशी फिरते, ती संपली म्हणजे काय होते आणि भारतीय शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या एका मोठ्या प्रयोगाचे फलित सिलिकेच्या अभावाने कसे बदलले, हा या पाठाचा मुख्य विषय आहे.

दगडापासून नदीपर्यंत

निपाणी, चिकोडी, हुक्केरी व अथणी या भागांतील जमिनीखाली दख्खनचा काळा पाषाण, म्हणजेच बेसाल्ट आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग सिलिकेचा असतो. परंतु ही सिलिका मोकळी नसून कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, ॲल्युमिनियम इत्यादींशी सिलिकेटांच्या रूपाने बांधलेली असते.

पावसाच्या पाण्यात हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य कार्बनिक आम्ल तयार होते. हे आम्ल दगडाच्या फटींत शिरून सिलिकेटांचे विघटन करते. या क्रियेस रासायनिक विदारण म्हणतात. एक साधे उदाहरण घेऊ. कॅल्शियम सिलिकेटाचा एक रेणू, कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू आणि पाण्याचे तीन रेणू यांच्या अभिक्रियेतून कॅल्शियमचा एक आयन, बायकार्बोनेटाचे दोन आयन आणि सिलिसिक आम्लाचा एक रेणू निर्माण होतो. सिलिका पाण्यातून प्रवास करते ती या सिलिसिक आम्लाच्या रूपाने. येथे आणखी एका गोष्टीकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे. दगड झिजताना हवेतील कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो. म्हणजे सिलिकेचा प्रवास सुरू होतो तोच मुळी कार्बनच्या चक्राला धरून.

सर्वच दगड सारख्या प्रमाणात सिलिका देत नाहीत. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून कोसळतो, तो कलादगी श्रेणीतील वालुकाश्माचा आहे. हा खडक बेसाल्टहून कितीतरी पुरातन असून मुख्यतः क्वार्ट्झचा, म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिकेचा बनलेला आहे. तथापि क्वार्ट्झ पाण्यात अत्यंत मंद गतीने विरघळते. त्यामुळे सिलिका अधिक असूनही हा खडक पाण्याला तिचा वाटा कमी देतो. याउलट निम्मीच सिलिका असलेला काळा पाषाण उष्ण व दमट हवेत लवकर विघटित होऊन नदीला सिलिकेचा भरपूर पुरवठा करतो. एखाद्या पदार्थाचा साठा किती आहे यापेक्षा तो कोणत्या रूपात आहे हे महत्त्वाचे, हा धडा गोकाकच्या कड्यापाशी उत्तम रीतीने शिकविता येतो.

विदारणाची परिणती पाहावयाची असेल तर जांभा दगडाकडे पाहावे. बेळगाव परिसरात व घाटमाथ्यावर घरबांधणीस वापरला जाणारा हा तांबडा, सच्छिद्र दगड म्हणजे धो-धो पावसाने धुऊन काढलेल्या खडकाचा अवशेष आहे. त्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम व बरीचशी सिलिका पाण्यावाटे निघून गेली. सहजासहजी न विरघळणारे लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. चंदगड व राधानगरी भागांत आढळणारे आणि ॲल्युमिना बनविण्यास उपयोगी पडणारे बॉक्साइट हे याच क्रियेचे फळ होय. जांभ्याचा तांबडा रंग मागे राहिलेल्या लोहाचा आहे. निघून गेलेली सिलिका आणि मागे राहिलेले लोह ही जोडी वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे दक्षिण महासागरात तिची पुन्हा गाठ पडणार आहे.

दोन समुद्रांकडे जाणारे पाणी

बेळगाव जिल्ह्याची भौगोलिक रचना या विषयाच्या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. खानापूर तालुक्यात कणकुंबी येथे मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन कुडलसंगम येथे कृष्णेस मिळते. त्याच तालुक्यात भीमगडच्या रानात उगम पावणारी म्हादई पश्चिमेकडे वळून गोव्यात मांडवी या नावाने अरबी समुद्रास मिळते. म्हणजे एकाच तालुक्यातील पावसाचे पाणी दोन समुद्रांत जाते.

उत्तर भागात वेदगंगा निपाणीजवळून वाहते व दूधगंगेस मिळते. दूधगंगा कृष्णेत जाते. आंबोलीजवळ उगम पावणारी हिरण्यकेशी संकेश्वरवरून येऊन घटप्रभेस मिळते, तर बेळगावजवळची मार्कंडेय गोकाक भागात घटप्रभेत विलीन होते. हे सारे पाणी अखेरीस कृष्णेवाटे बंगालच्या उपसागराकडे जाते. जगातील नद्यांच्या एक लिटर पाण्यात सरासरी सुमारे १० मिलिग्रॅम सिलिका विरघळलेली असते. नितळ दिसणाऱ्या पाण्यातूनही दगड असा अदृश्यपणे वाहत असतो.

पिके ही वाटेतील वखार

नदीकडे जाणाऱ्या सिलिकेचा मोठा भाग वाटेत वनस्पती घेतात. भात, ऊस, ज्वारी, बांबू व गवत या एकदल वनस्पती मुळांवाटे सिलिसिक आम्ल शोषून घेऊन पानांत, खोडांत व तुसांत त्याचे कठीण कण साठवितात. उसाच्या फडात पाला काढताना हातावर चरे का पडतात, याचे उत्तर पानांच्या कडांवरील या सिलिकायुक्त दातेरी पेशींत आहे. या कणांमुळे खोड ताठ राहते आणि किडी व बुरशी यांना काहीसा प्रतिकार होतो. खानापूरकडील भाताच्या पिकाचा विचार करू. हेक्टरी पाच टन उत्पन्न देणारे भाताचे पीक जमिनीतून २०० किलोग्रॅमपेक्षा अधिक सिलिकॉन उचलते. भाताचे तूस जाळले असता वजनाच्या सुमारे पाचव्या भागाइतकी राख उरते व त्या राखेत बहुतांशी सिलिकाच असते.

निपाणी भागाची ओळख असलेली तंबाखू मात्र द्विदल असून सिलिका फार थोडी घेते. एकाच शिवारात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या उसाची व तंबाखूची या बाबतीत तुलना करून दाखविल्यास विद्यार्थ्यांना हा भेद चांगला समजेल.

पाला, पेंढा व तूस शेतात परतले तर ही सिलिका पुन्हा मातीस मिळते. वनस्पतींनी साठविलेली सिलिका खडकातील सिलिकेपेक्षा लवकर विरघळते. म्हणून पीक ही जणू नदीच्या वाटेवरील वखार आहे. ती माल काही काळ साठविते आणि पुढे सोडते.

करंडक वनस्पती

नदीतील दगडावर हात फिरविला असता तपकिरी, बुळबुळीत थर लागतो. त्यात बहुधा असंख्य डायाटम असतात. डायाटमांना मराठीत करंडक वनस्पती असे अन्वर्थक नाव आहे. कुंकवाच्या करंड्याला जसे तळ व झाकण असे दोन भाग असतात व झाकण तळावर घट्ट बसते, तसेच या एकपेशीय वनस्पतीचे कवच दोन भागांचे असते. हे कवच जलयुक्त सिलिकेचे, म्हणजे एका प्रकारच्या काचेचे असते आणि त्यावर अतिशय रेखीव छिद्रे व रेषा असतात. बहुतेक डायाटम एक मिलिमीटरच्या शतांश ते दशांश भागाएवढे असतात. काही त्याहूनही लहान असतात.

पेशीचे विभाजन होताना प्रत्येक कन्यापेशीला जुन्या करंड्याचा एक भाग मिळतो. त्यास झाकण मानून ती आत बसणारा नवा, किंचित लहान तळ तयार करते. त्यामुळे पिढ्यागणिक काही पेशींचा आकार घटत जातो. पुरेसा घटला म्हणजे लैंगिक प्रजननाने मूळ आकार पुन्हा प्राप्त होतो. महत्त्वाची गोष्ट अशी की, सिलिसिक आम्ल मिळाले नाही तर नवा तळ बनू शकत नाही आणि विभाजन थांबते. अन्य प्लवकांना नायट्रोजन, फॉस्फरस व लोह पुरते. डायाटमांना त्यांच्या जोडीला सिलिकाही हवीच.

आपल्या भागातील डायाटमांचा अभ्यास नवा नाही. एच. पी. गांधी यांनी १९५० नंतरच्या दशकात कोल्हापूर, पन्हाळगड व राधानगरी परिसरांतील गोड्या पाण्याच्या डायाटमांचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हा अभ्यास पुढे चालविला जात आहे.

समुद्रातही डायाटमांचे महत्त्व असाधारण आहे. पृथ्वीवर होणाऱ्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे पाचवा भाग एकटे डायाटम करतात. पावसाळ्यात केरळ व कर्नाटकाच्या किनाऱ्यालगत खोल पाणी वर येते व आपल्याबरोबर सिलिका व इतर पोषक द्रव्ये आणते. त्यावर डायाटमांची भरघोस वाढ होते आणि तारलीसारखे मासे त्यांवर पोसले जातात. फ्रॅजिलारिया ओशियानिका हा डायाटम तारलीच्या विपुलतेचा निदर्शक आहे, असे आर. व्ही. नायर व आर. सुब्रह्मण्यन यांनी १९५५ मध्ये दाखविले होते. किनाऱ्यावरून घाट चढून बेळगावच्या बाजारात येणाऱ्या तारलीच्या पोषणात सिलिकेचा असा हात असतो.

थंड पृष्ठजलातील चक्र

समुद्रात पोहोचलेल्या सिलिकेचे पुढे काय होते? समुद्राच्या एक लिटर पाण्यात सरासरी ४ मिलिग्रॅमच्या आसपास सिलिका असते. कवचाची सिलिका मात्र थंड पाण्यातही लिटरला सुमारे ६० मिलिग्रॅमपर्यंत विरघळू शकते. याचा अर्थ समुद्राचे पाणी सिलिकेच्या बाबतीत नेहमीच असंतृप्त असते. म्हणजे त्यात सिलिका आपोआप साका होऊन बसत नाही, उलट प्रत्येक कवच विरघळू लागते. ज्या पाण्यात काच विरघळावी त्याच पाण्यातून डायाटम काच घडवितात. हे काम जिवंत पेशी ऊर्जा खर्चून करते.

जिवंत पेशीच्या कवचावर सेंद्रिय द्रव्याचे पातळ आवरण असते व ते कवचाचे रक्षण करते. पेशी मेल्यावर जीवाणू हे आवरण खातात आणि मग कवच उघडे पडून झपाट्याने विरघळते. जीवाणूंचे हे कार्य के. बिडल व एफ. आझम यांनी १९९९ मध्ये प्रयोगाने सिद्ध केले. पाणी थंड असेल तर दोन्ही क्रिया मंदावतात : जीवाणूंचे कार्यही आणि विरघळणेही. म्हणून उष्ण समुद्रापेक्षा थंड समुद्रात अधिक कवचे खोलवर पोहोचतात. जगाच्या महासागरांची सरासरी घेतल्यास तयार झालेल्या कवचांपैकी निम्म्याहून किंचित अधिक सिलिका वरच्या सुमारे १०० मीटर थरातच पुन्हा विरघळते. उरलेल्यांपैकी बरीचशी खोल पाण्यात विरघळते. आणि अवघी तीन-चार टक्के तळाच्या गाळात कायमची गाडली जाते. नद्या व अन्य मार्गांनी आलेला सिलिकॉनचा एक अणू गाळात पडण्यापूर्वी सरासरी पंधरा ते पंचवीस वेळा कोणत्या ना कोणत्या डायाटमच्या कवचात जाऊन येतो. समुद्रातील त्याचे वास्तव्य सरासरी आठ ते दहा हजार वर्षांचे असते. महासागरांचे पाणी एकमेकांत मिसळण्यास हजारएक वर्षे लागतात. वास्तव्याचा काळ मिसळण्याच्या काळाहून कितीतरी मोठा असल्यामुळे वेदगंगेतून गेलेल्या सिलिकेचा अंश कालांतराने दक्षिण ध्रुवाजवळही पोहोचणे क्रमप्राप्तच आहे.

अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात हे चक्र सर्वांत ठळकपणे दिसते. तेथे खोलवरचे जुने पाणी पृष्ठभागाकडे येते. शतकानुशतके वरून पडणारी कवचे विरघळल्यामुळे त्यात लिटरला ५ ते ६ मिलिग्रॅम इतकी सिलिका असते. हिवाळ्यात अंधार व बर्फ यांमुळे वाढ खुंटते. उन्हाळ्यात प्रकाश मिळताच डायाटम वाढू लागतात. त्याच वेळी पश्चिमेकडून वाहणारे प्रबळ वारे पृष्ठजलाला उत्तरेकडे ढकलीत असतात. पाणी जसजसे उत्तरेस सरकते तसतशी त्यातील सिलिका डायाटम काढून घेतात. ध्रुवीय सीमाप्रवाह ओलांडून उत्तरेस आलेल्या पाण्यात उन्हाळ्याच्या अखेरीस सिलिका लिटरला ०.३ मिलिग्रॅमहूनही कमी उरते.

नायट्रेट मात्र त्या पाण्यात बरेच शिल्लक असते. असे का व्हावे? येथे लोहाचा प्रश्न येतो. धूळ व नद्या यांपासून दूर असल्याने या महासागरात लोह अत्यल्प आहे. पोषण चांगले असता डायाटम सिलिकॉन व नायट्रोजन यांचे अणू साधारणतः समसमान घेतात. लोहाची उपासमार झाली म्हणजे नायट्रोजनचे ग्रहण घटते, पण कवच जाडच राहते; तेव्हा एका नायट्रोजनमागे सिलिकॉनचे तीन-चार अणू जातात. फ्रॅजिलारिऑप्सिस केर्ग्युलेन्सिस हा तेथील डायाटम तर जाड कवचासाठी प्रसिद्धच आहे. प्राणि-प्लवकांच्या दातांपासून हे जाड कवच त्याचा बचाव करते.

हा मुद्दा अंकगणिताने स्पष्ट होईल. समजा, पाण्याच्या एका ठरावीक मापात सिलिसिक आम्लाचे ८० भाग व नायट्रेटचे ३० भाग आहेत. समसमान ग्रहण झाले तर नायट्रेट संपेल तेव्हा सिलिकेचे ५० भाग उरतील. परंतु चारास एक या प्रमाणात ग्रहण झाले तर ८० भाग सिलिका संपेपर्यंत नायट्रेटचे २० भागच खर्च होतील व १० भाग उरतील. लोहाच्या कमतरतेने अशा रीतीने शिलकेचा हिशेबच उलटा होतो.

याशिवाय आणखी एक कारण आहे. पेशीतील मऊ, सेंद्रिय भागाचे विघटन वरच्या थरात लवकर होते व त्यातील नायट्रोजन पुन्हा पाण्यात मिसळतो. कवच मात्र अधिक खोल जाऊन विरघळते. तेथील खोल पाणी फिरून दक्षिणेकडेच वर येते. परिणामी सिलिका दक्षिण महासागरातच कोंडल्यासारखी होते. उत्तरेस येऊन पृष्ठाखाली शिरणारे पाणी नायट्रेट घेऊन जाते, सिलिका मात्र फार थोडी नेते. हेच पाणी पुढे दूरवर पसरून उष्ण कटिबंधातील समुद्रांना पोषण पुरविते, असे जे. सार्मिएंटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडले. दक्षिण ध्रुवाजवळच्या प्लवकांच्या खाण्यापिण्याचा परिणाम विषुववृत्ताजवळच्या डायाटमांवर होतो, तो असा.

लोहाफेक्स : २००९ चा प्रयोग

गोव्याचा दक्षिण महासागराशी संबंध जुना आहे. डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी मुरगाव बंदरातून निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर पोहोचली. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना १९६६ मध्ये झाली.

दक्षिण महासागरात लोह टाकले तर डायाटम वाढतील, हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषतील व तो घेऊन तळाशी जातील, ही कल्पना अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी १९९० च्या सुमारास पुढे आणली होती. २००४ मध्ये ‘पोलारस्टर्न’ या जर्मन जहाजावरून झालेल्या आयफेक्स प्रयोगात लोह मिळताच डायाटमांची मोठी वाढ झाली. त्या वाढीचा किमान निम्मा भाग १००० मीटरपेक्षा खोल गेल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नमूद आहे.

पुढील प्रयोग भारत व जर्मनी यांनी संयुक्तपणे केला. त्याचे नाव ‘लोहाफेक्स’. त्यातील ‘लोहा’ हा आपलाच शब्द आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एस. डब्ल्यू. ए. नक्वी व जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेचे व्हिक्टर स्मेटासेक हे या प्रयोगाचे प्रमुख होते. ‘पोलारस्टर्न’ जहाज जानेवारी २००९ मध्ये केप टाउनहून निघाले. समुद्रात खत टाकणे योग्य की अयोग्य, यावर त्या वेळी मोठा वाद उद्भवला. जर्मन शासनाने प्रयोग काही काळ थांबविला आणि तज्ज्ञांकडून परीक्षण करून घेतल्यावर अनुमती दिली. त्यानंतर दक्षिण अटलांटिक भागातील एका भोवऱ्याच्या मध्यभागी सुमारे ३०० चौरस किलोमीटर पृष्ठभागावर लोहाचे क्षार सोडण्यात आले आणि सुमारे ३९ दिवस त्या पाण्याचे निरीक्षण करण्यात आले.

लोह मिळताच वनस्पती-प्लवक वाढले, परंतु डायाटम वाढले नाहीत. त्या पाण्यातील सिलिका आधीच्या नैसर्गिक वाढीत जवळजवळ संपली होती. नवा करंडा घडविण्यास साहित्यच नव्हते. त्यांच्याऐवजी कवच नसलेले लहान प्लवक वाढले. त्यांवर कोपेपॉड नावाच्या प्राणि-प्लवकांनी ताव मारला व वाढ आटोक्यात राहिली. कोपेपॉडांना खाणारे ॲम्फिपॉड हे मोठे प्राणी तेथे विपुल आढळले. खोल समुद्राकडे गेलेल्या कार्बनचे प्रमाण अल्पच राहिले.

या प्रयोगास निष्फळ म्हणणे योग्य होणार नाही. एका कमतरतेवर उपाय केला तरी दुसरी कमतरता वाट अडविते, हे त्याने मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले. लोह टाकून हवेचे शुद्धीकरण करू, या सोप्या आशेलाही त्यामुळे मर्यादा पडली. बेळगावच्या जांभ्यात लोह मागे राहिले आणि सिलिका गेली. दक्षिण महासागराच्या ध्रुवालगतच्या भागात सिलिका आहे, लोह नाही. आणि लोहाफेक्सच्या पाण्यात लोह माणसाने पुरविले, पण सिलिका नव्हती. निसर्गातील उत्पादन सर्वांत दुर्मीळ द्रव्याच्या मापाने ठरते, हा नियम या तीन उदाहरणांतून विद्यार्थ्यांना शिकविता येईल.

आपल्या हातचा भाग

दूरच्या महासागरातील हा नियम आपल्या नद्यांनाही लागू आहे. दोन बाबी विचारात घेण्याजोग्या आहेत.

पहिली बाब खतांची. पिकाने न घेतलेले युरियातील नायट्रोजन पावसाबरोबर ओढ्यात जाते. गावाचे व कारखान्यांचे सांडपाणीही नायट्रोजन व फॉस्फरस यांची भर घालते. सिलिका मात्र दगडाच्या झिजेवर अवलंबून असल्याने तिचा पुरवठा त्या प्रमाणात वाढत नाही. नायट्रोजनच्या मानाने सिलिका कमी पडू लागली म्हणजे डायाटम मागे पडतात व निळी-हिरवी शैवाले किंवा अन्य प्लवक त्यांची जागा घेतात. त्यांपैकी काही विषारी असतात, तर काही मासे व जलचर यांना अन्न म्हणून निकृष्ट असतात.

दुसरी बाब धरणांची. घटप्रभेवर हिडकल, मलप्रभेवर नविलुतीर्थ, दूधगंगेवर काळम्मावाडी आणि खाली कृष्णेवर अलमट्टी येथे जलाशय आहेत. सिंचन, पिण्याचे पाणी व वीज यांसाठी त्यांची उपयुक्तता निर्विवाद आहे. मात्र स्थिर व स्वच्छ पाण्यात डायाटम वाढतात, मरून तळाशी बसतात आणि त्यांच्याबरोबर सिलिकाही गाळात अडकते. डॅन्यूब नदीवरील आयर्न गेट्स धरणानंतर काळ्या समुद्रात जाणारी सिलिका घटली व तेथील प्लवकांची घडण बदलली, असे सी. हुंबोर्ग व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडले. या घटीचे किती श्रेय धरणाला द्यावयाचे याविषयी पुढे मतभेद झाले. तथापि धरणे सिलिका अडवितात हे तत्त्व मान्य झाले आहे.

यावरून धरणे नकोत किंवा खते नकोत, असा निष्कर्ष काढू नये. माती-परीक्षण करून आवश्यक तेवढाच नायट्रोजन देणे, तो हप्त्याहप्त्याने देणे, उसाचे पाचट न जाळता सरीत आच्छादन म्हणून वापरणे, भाताचा पेंढा व तूस शक्य तितके शेतास परत करणे आणि सांडपाणी प्रक्रियेविना नदीत न सोडणे, हे उपाय आपल्या आवाक्यातील आहेत. त्यांनी शेतकऱ्याचा खर्चही वाचतो. वाया गेलेला युरिया पुढच्या हंगामात पुन्हा विकत आणता येतो. नदीत बिघडलेले प्रमाण मात्र विकत घेऊन सुधारता येत नाही.

वर्गात करावयाची प्रात्यक्षिके

१. नदीतील किंवा ओढ्यातील, पाण्याखाली असलेला एक दगड उचलून त्यावरील तपकिरी थर जुन्या दात घासण्याच्या ब्रशने थोड्या पाण्यात खरवडावा. त्याचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट मोठा करून पाहावा. होडीच्या, पाचरीच्या व चंद्रकोरीच्या आकाराचे डायाटम दिसतील. होडीसारखे काही डायाटम संथपणे सरकतानाही दिसतात. हे प्रात्यक्षिक पावसाळा संपल्यावर, पाणी नितळ झाल्यानंतर करावे आणि विद्यार्थ्यांना खोल पाण्याजवळ जाऊ देऊ नये.

२. वेदगंगा किंवा मार्कंडेय यांसारख्या नदीचे गावाच्या वरच्या व खालच्या बाजूचे असे दोन नमुने घेऊन त्यांतील डायाटमांचे प्रकार मोजावेत. सांडपाणी मिसळल्यावर प्रकारांची संख्या व घडण कशी बदलते याची नोंद ठेवावी. दरवर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात नमुने घेतल्यास काही वर्षांत शाळेजवळ स्वतःच्या नदीचा विश्वसनीय इतिहास तयार होईल.

३. वाळविलेले १० ग्रॅम तूस लोखंडी पळीत, मोकळ्या हवेत, पांढरी राख होईपर्यंत जाळावे व राखेचे वजन करावे. ते सुमारे २ ग्रॅम भरेल. राख थंड झाल्यावर अलगद हाताळावी; सिलिकेची बारीक धूळ श्वासावाटे आत जाणे अपायकारक असते, म्हणून ती फुंकू नये. हे प्रात्यक्षिक शिक्षकांनी स्वतः करून दाखवावे.

४. जांभ्याचा, काळ्या पाषाणाचा व गोकाककडील वालुकाश्माचा एकेक तुकडा वर्गात ठेवून सिलिका कोठे बांधलेली आहे, कोठून निघून गेली आहे व कोठे जागच्या जागी राहिली आहे, यावर चर्चा घडवून आणावी.

सारांश

सिलिका दगडातून सुटते, पिकांत काही काळ थांबते, नदीवाटे समुद्रास मिळते, डायाटमांच्या करंड्यांत पुनःपुन्हा शिरते आणि शेवटी गाळात स्थिरावते. थंड पृष्ठजलात तिचे विरघळणे मंदावते, त्यामुळे कवचे खोल जातात आणि त्यांबरोबर कार्बनही जातो. लोहाची उणीव असेल तर सिलिका नायट्रेटच्या आधी संपते. सिलिकाच नसेल तर लोह पुरवूनही डायाटम वाढत नाहीत. या चक्राचा पहिला टप्पा सह्याद्रीच्या माथ्यावर व आपल्या शिवारात आहे. तेथे काय करावे व काय टाळावे हे ठरविणे आपल्या हाती आहे.

स्वाध्याय

१. गोकाकच्या वालुकाश्मात सिलिका अधिक असूनही बेसाल्टच्या मानाने तो नदीला कमी सिलिका का देतो?

२. समुद्राचे पाणी सिलिकेने असंतृप्त असते, या विधानाचा अर्थ सांगून डायाटमच्या कवचाचे मृत्यूनंतर काय होते ते लिहा.

३. एका पाण्यात सिलिसिक आम्लाचे ६० व नायट्रेटचे २५ भाग आहेत. ग्रहणाचे प्रमाण (अ) एकास एक, (आ) तिनास एक असल्यास प्रथम काय संपेल व दुसऱ्याचे किती भाग उरतील?

४. लोहाफेक्स प्रयोगात डायाटम का वाढले नाहीत? आयफेक्सशी तुलना करून उत्तर द्या.

५. आपल्या गावातील तूस, पेंढा व उसाचे पाचट यांचे काय केले जाते याची माहिती मिळवून सिलिकेच्या चक्रावर होणारा त्याचा परिणाम थोडक्यात लिहा.